पुढली खेप

पंचायतीकडून दगड यायचा आहे म्हणे, काळा, कारवारचा.
त्यावर नावं किती, यावरून बैठक दोनदा उठली.
सरकारी कागदात एकतीस.
कायतान तिकिटवाल्याच्या वहीत सव्वीस,
कारण कडेवरच्या पोरांना तिकीट नव्हतं,
आणि लाँच सुटताना धक्क्यावरून उडी मारणाऱ्यांना तर नव्हतंच.
माझे वडील बोटांवर मोजत. चौतीस.

ते तेव्हा नऊ वर्षांचे. केरीच्या धक्क्यावर,
चवथीच्या आदल्या संध्याकाळी, हातात कांगलांची जुडी,
जागा नव्हती म्हणून उतरवलेले.
'पुढल्या खेपेला ये रे,' सारंग बाबणी म्हणाला.
हे वाक्य वडिलांनी जन्मात कुणाला म्हटलं नाही.
पाहुणा उठला तरी 'परत या' नाही.
लोकांना ते तुसडे वाटत.

लाँचमध्ये पेडण्याच्या बाजारातली माटोळी,
चिबूड, तोरिंजन, आंबाडे, ओल्या सुपाऱ्यांची शिपटं,
आणि तिच्यात जागा करून बसलेली माणसं:
रेडीची सगुणी तळकर, मांडीवर गणपतीचा नवा पाट,
मोंतीच्या फेस्ताला वाजवायला निघालेला पास्कोल,
व्हायोलिन शर्टाच्या आत, पावसाचं.

हाकेच्या अंतराची नदी. ऐलतीरावरून शिवी दिली
तर पैलतीराहून उत्तर येई.
पण मध्यावर इंजिन खोकलं, आणि सुकती लागलेली.
सुकतीनं लाँच उचलली नाही, आपटली नाही,
नुसती ओढत नेली
किल्ल्याच्या खालून, मुखावरच्या वाळूच्या दांड्यावरून,
बाहेर.
धक्क्यावरून दिवा दिसत होता.
मग दिवा होता ती जागा दिसत होती.

तिसऱ्या दिवशी माटोळी आली किनाऱ्याला.
माणसं नंतर; काही वागातोरपर्यंत गेली, काही आलीच नाहीत.
आधी फळं,
भरतीच्या रेषेवर ओळीनं,
टांगायला कुणी निवडून ठेवावीत तशी.

महिनाभर गावात मासा शिजला नाही.
मग एका सकाळी रोजालिनाच्या चुलीवरून तारल्यांचा वास आला
आणि सगळा शेजार तिच्या दारात येऊन उभा राहिला.
भांडायला आलो, असं सगळ्यांना वाटत होतं.
कुणी भांडलं नाही.

वडिलांनी त्या रेषेवरून एक नारळ उचललेला.
त्यांची आई ओरडली, 'दर्याचं दर्याला दे.'
दिला नाही. परसात पुरला, न्हाणीच्या पाण्यावर.
तो माड आता माझ्या छपराच्या वर गेलाय.
त्याचा नारळ आम्ही घरात फोडत नाही;
चवथीला एकेक नदीपार पोचवतो,
जिथं त्या वर्षापासून माटोळीत एक दोरी रिकामी सोडतात,
खाली गाठ मारून.
बारा घरं होती, आता सात.
पास्कोलच्या बहिणीकडे माटोळी नाही.
ती नारळ आल्तारासमोर ठेवते एक रात्र,
आणि सकाळी त्याचंच हुमण करते.
कुणाचं ऐकत नाही.

परवा पंचायतीचा कारकून नावं उतरवायला आला.
भर दुपार, नळाला पाणी नाही.
पाडेल्यानं त्याच माडाची शहाळी काढून ठेवलेली.
एक त्याला कापून दिलं. एक मी प्यायले,
वडील गेल्याच्या अकराव्या वर्षी, उभ्यानंच.
गोड होतं.
इतक्या वर्षांत मी ते खारट असेल असं धरून चालले होते.

'किती लिहू?' त्यानं तोंड पुसत विचारलं.
चौतीस, म्हटलं.
'बाय, एकतीसच मावतील. दगड आधीच कापलाय.'
मी म्हणाले, मग उरलेली तीन पुढल्या—
आणि जीभ चावली.